बसून झिजलेली पँट

कुरोइवाला हवी तशी पँट सापडली तेव्हा फुसाए मियाके तिच्यावर बसलेली होती.

टोकियोच्या एका कपड्यांच्या कंपनीतून आलेला हा गृहस्थ सकाळपासून शोहेइ नाम्बाच्या धुलाईघरात हिंडत होता. नव्या कोऱ्या जीन्स जुन्या करून देणं हा नाम्बांचा दोन पिढ्यांचा धंदा. समुद्रकाठच्या कोजिमा गावात अशी धुलाईघरं गल्लोगल्ली आहेत. शिवणाऱ्यांनी कडक निळी पँट शिवायची आणि यांनी ती दगडांबरोबर फिरवून, घासून, फवारून, जागोजागी भोकं पाडून दुप्पट किमतीची करायची. शोहेइने भिंतीवरचे सगळे नमुने काढून दाखवले. कुरोइवाने प्रत्येक नमुना दोन बोटांत धरून उजेडाकडे केला आणि प्रत्येक वेळी मान किंचित वाकडी केली.

"काम सुरेख आहे," तो म्हणाला. "पण हे झिजवलेलं दिसतं. मला झिजलेलं हवंय."

"आमच्या या खोपटात तसलं काय मिळणार हो," शोहेइ म्हणाला आणि त्याने पाहुण्यापुढे गोड गोळ्यांची बशी सरकवली. "घ्या. अगदीच बेचव आहेत, पण घ्या." गोळ्या ओकायामा शहरातल्या सर्वांत जुन्या दुकानातल्या होत्या आणि त्यासाठी शोहेइची बायको सकाळीच गाडी काढून गेली होती.

"मीही असंच काही क्षुल्लक आणलंय," म्हणत कुरोइवाने सोनेरी दोरीने बांधलेला खोका पुढे केला. दोघे एकमेकांपुढे वाकले.

पाहुणा आपल्या टेबलापाशी आला म्हणून फुसाएही उठून वाकली. तिच्या स्टुलावर निळसर कापडाची एक जाड घडी होती.

"हे काय आहे?" कुरोइवाने विचारलं.

"बुडाखाली घेतलंय," फुसाए म्हणाली. "आमच्या ह्यांची जुनी पँट. हे गेले. स्टूल कडक आहे."

कुरोइवाने परवानगी मागून घडी उलगडली आणि पँट टेबलावर पसरली. त्याने खिशातून भिंग काढलं.

कापसाच्या दोऱ्याला नीळ फक्त वरवर धरते. दोऱ्याच्या पोटात ती पोचत नाही. म्हणून जिथे घर्षण होतं तिथे आतला पांढरा दोरा उघडा पडतो आणि माणूस कुठे कुठे घासला गेला याचा कपड्यावर नकाशा तयार होतो. तो नकाशा सँडपेपरने खोटा काढण्यात फुसाएचं आयुष्य गेलं होतं. हा मात्र खरा होता. पँटचा बसायचा भाग इतका विरला होता की पलीकडचा उजेड दिसत होता. दोन्ही मांड्यांवर, गुडघ्यापासून वीतभर वर, एकेक गोल पांढरा डाग होता. उजव्या मागच्या खिशावर लांबट चौकोन उमटला होता, डाव्या पायाची कड फाटली होती आणि पुढच्या बाजूला तीनचार बारीक काळपट भोकं होती.

"वल्ही," कुरोइवा हलकेच म्हणाला. "होडीतल्या फळीवर बसून वर्षानुवर्षं वल्ही मारलीत. आणि हे डाग बघा, मांडीवर जाळं घेऊन विणायचे ते. ही वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोकं. होडी स्वतःच दुरुस्त करायचे ना? पायाची कड दोरखंडात अडकून फाटली असणार."

शोहेइने फुसाएकडे पाहिलं. फुसाएने सँडपेपरकडे पाहिलं.

"किती कष्टाचं आयुष्य," कुरोइवा म्हणाला. त्याने पँटला दोन्ही हात लावून नमस्कार केला.

फुसाएचा नवरा तेइझो मियाके काहीच करत नसे असं म्हणणं बरोबर होणार नाही. तो रोज सकाळी फुसाएने भरलेला डबा घेऊन, सायकलवरून, अगदी वेळेवर, मोटारबोटींच्या शर्यती पाहायला जायचा. समुद्राच्या काठी सिमेंटच्या पायऱ्या आहेत. त्यांवर बसायचं, कोपरं मांडीवर टेकायची, हनुवटी तळहातात ठेवायची आणि पाण्याकडे बघायचं. मागच्या खिशात शर्यतींचा पेपर, बोटांत सिगरेट. तिची राख आणि क्वचित निखाराही पँटवर पडायचा. पैसे तो फारसे लावत नसे. तेवढे त्याच्याकडे नसायचेच. शर्यत नसेल त्या दिवशी बंदरावर जाऊन बसायचा. डाव्या पायाची कड सायकलच्या साखळीने खाल्ली होती.

माणूस वाईट नव्हता. दारू बेताची, आवाज कधी चढला नाही. लग्नानंतर काही महिने एका गणवेशाच्या कारखान्यात गेला होता, मग त्याची पाठ दुखायला लागली आणि मरेपर्यंत ती अधूनमधून दुखत राहिली. घर चाललं ते फुसाएच्या हातांवर. मुलाचं शिक्षण, छपराची कौलं, तेइझोच्या सिगरेटी, सगळं पँटी घासून निघालं. ही पँटदेखील तिनेच आणलेली. उजव्या पायाची शिवण किंचित वाकडी गेली म्हणून जीन्सच्या कारखान्याने बाजूला काढलेली.

पाहुणा गेल्यावर शोहेइ तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तो शाळेत जायचा तेव्हापासून फुसाए त्याला ओळखत होती. त्याच्या वडिलांच्या हाताखालीच ती शिकली होती.

"काकू," तो म्हणाला, "तीनशे पँटींची ऑर्डर आहे. सगळं हाताने. लेझरचं मशीन नको म्हणतात. हे मिळालं तर मला वर्षभर कोणालाही घरी बसा म्हणायला नको."

"मग घे की. मी नको म्हणतेय का? घासायची तर घासू."

"त्यांना नाव द्यायचंय पँटला. 'तेइझो' असं. आणि एक छोटी पुस्तिका, त्यात काकांचा फोटो, थोडा मजकूर…"

फुसाएने हातातला सँडपेपर खाली ठेवला. "शोहेइ, हे बघ. पँट घे, नाव घे, फोटो घे. बाकी त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. रुबाबदार म्हणा, दर्यावर्दी म्हणा. फक्त कष्टाळू म्हणायचं नाही. तेवढं एक मी चालवून घेणार नाही."

"बरं."

"बरं नको म्हणूस. कबूल कर."

"कबूल, काकू," शोहेइ म्हणाला आणि टोकियोला फोन करायला गेला.

मिनेकोला हे कळल्यावर ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मिनेको शेजारीण. बंदराजवळ ती सुकवलेले ऑक्टोपस विकायची. तिचा नवरा खरोखरचा मासेमार होता आणि तोही आता नव्हता.

"तेइझो! आणि काम!" ती म्हणाली. "अगं, आमचे हे म्हणायचे, तेइझोला होडीत घेतला तर नांगराची गरज नाही. बसला की होडी हलायची नाही."

"तू हस. तुझं काय जातं?"

"फोटो कुठला दिलास?"

"तो दोर धरून उभा आहे तो."

"अगं तो आमच्या होडीवरचा! दोर आमच्या ह्यांचा, होडी आमच्या ह्यांची, हात तेवढे तुझ्या नवऱ्याचे. फोटो काढून झाल्यावर म्हणाला, तळहात सोलवटले."

दोघी हसल्या. मिनेकोने जाताना ऑक्टोपसचे दोन पाय कागदात बांधून दिले. तेइझोवर हसणं ही त्या दोघींची जुनी सवय होती आणि तो जिवंत असताना कधीकधी तोही त्यात सामील व्हायचा.

फुसाए कामाला लागली. पँटमध्ये रबरी पाय घालून त्यात हवा भरायची, की कापड माणसासारखं ताठ होतं, आणि मग घासायचं. मांडीवरच्या आडव्या सुरकुत्यांना इथे मिशा म्हणतात. त्या तिने भराभर काढल्या. कोपरांचे डाग जमायला मात्र वेळ लागला. तेइझोचं उजवं कोपर जास्त टोकदार होतं, हे तिला आठवत नव्हतं, पण सँडपेपर फिरवताना कळलं. बसायचा भाग विरवणं सोपं नव्हतं. तो एका बाजूला अधिक गेला होता, कारण पायरीवर तो डावीकडे कलून बसायचा. उजवीकडे डबा असायचा. दगड, पेपर, पुन्हा दगड. नमुना तयार झाला तेव्हा मूळ पँट आणि नक्कल शेजारी ठेवून शोहेइने दोनदा चुकीची उचलली.

टोकियोहून निरोप आला. नमुना थक्क करणारा आहे. पण गुडघे कोरे आहेत.

"कोरेच आहेत," फुसाए म्हणाली. "बसणाऱ्याचे गुडघे कशाला झिजतील?"

शोहेइ ओशाळून म्हणाला, "ते म्हणतात, एवढ्या कामाच्या माणसाचे गुडघे कोरे कसे? म्हणतात की काकांनी बहुधा गुडघ्यांवर काहीतरी बांधलं असणार. पण गिऱ्हाइकाला ते कसं कळणार? तेव्हा गुडघे घाला."

"म्हणजे ह्यांना गुडघ्यांवर आणायचं."

"हो, काकू."

"जिवंतपणी नाही आले."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

तिने गुडघे घातले. ते परत आले. सराईत वाटतात, कुरोइवाने लिहिलं होतं, यात तेइझोसाहेब दिसत नाहीत. तेइझोसाहेब तिथे नव्हतेच तर दिसणार कुठून, असं फुसाएच्या मनात आलं, पण ते कोणाला सांगायचं? संध्याकाळी घरी अंघोळीला जाताना तिने अंगातली कामाची पँट काढली आणि सहज दिव्याखाली धरली. रोज सकाळी यंत्रं सुरू होण्याआधी धुलाईघराची फरशी ती गुडघे टेकून पुसायची. घरची तर होतीच. उजवा गुडघा मोठा आणि जरा बाहेरच्या अंगाला झिजला होता. डावा लहान, पण खोल, कारण उठताना सगळा भार ती डाव्यावर घ्यायची. दुसऱ्या दिवशी तिने ते दोन गुडघे तसेच्या तसे तेइझोच्या पँटवर उतरवले.

"हेच!" कुरोइवाने फोन करून सांगितलं. "यात माणूस दिसतो."

त्याच आठवड्यात पुस्तिकेचा कच्चा मजकूर आला. शोहेइने तो आधी लपवायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःच आणून दिला. दोर धरलेल्या तेइझोखाली पहिलं वाक्य होतं: कोजिमाचा एक कष्टाळू माणूस.

"तू कबूल केलं होतंस," फुसाए म्हणाली.

"मी सांगितलं त्यांना, काकू. दोनदा सांगितलं. म्हणाले, घरच्यांचा विनय आम्ही समजतो." शोहेइने मान खाजवली. "आता ते मुलाखत घ्यायला येतायत. तुम्हीच सांगा ना समोर बसून. तुमच्या तोंडून ऐकलं की काढतील."

हे फुसाएला पटलं. आजवर तिने हे कोणाला सांगितलंच नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आता एकदा, नीट, परक्या माणसासमोर सांगायचं. तिने त्यासाठी केस कापून घेतले.

मुलाखतीच्या दिवशी शोहेइने यंत्रं बंद ठेवली. कुरोइवा आला, त्याच्याबरोबर कॅमेरा घेतलेली एक तरुण मुलगी आली. फुसाएला तिच्या टेबलामागे बसवलं. पँट टेबलावर ठेवली.

"मियाकेबाई, आपले पती कसे होते?"

"आळशी होते," फुसाए म्हणाली.

कुरोइवाने हसून मान लववली. "आणि कामाच्या बाबतीत?"

"काम करत नव्हते."

"कामाबद्दल घरी बोलायचे नाहीत?"

"बोलण्यासारखं काही नव्हतं. दिवसभर बसायचे."

कॅमेऱ्याआडून नाक ओढल्याचा आवाज आला. "माझी आजी पण आजोबांबद्दल असंच बोलायची," ती मुलगी म्हणाली. "निरुद्योगी म्हणायची त्यांना. आजोबांनी सगळा जन्म बॉयलरसमोर काढला."

"माझे खरंच निरुद्योगी होते," फुसाए म्हणाली. "घर मी चालवलं."

"अर्थात. ते समुद्रावर असताना घर तुम्हालाच बघावं लागणार."

"समुद्रावर नव्हते हो. समुद्राकडे बघत बसायचे."

कुरोइवाचं पेन झरझर चाललं. "समुद्राकडे बघत बसायचे," तो पुटपुटला आणि त्या ओळीखाली त्याने रेघ मारली.

फुसाएने इकडेतिकडे पाहिलं. "शोहेइ, तू सांग. तू तर लहानपणापासून बघतोयस."

शोहेइची मान लाल झाली. "काकूंच्या घरचं माणूस. मी काय बोलणार? आम्हा सगळ्यांना तेइझोकाकांबद्दल… म्हणजे… आपुलकी."

इतक्यात मिनेको आली. तिने येताना ऑक्टोपसचं पुडकं आणलं होतं. "चामड्यासारखे आहेत, दातांना त्रास होईल, पण ठेवा," म्हणत ते तिने कुरोइवाच्या हातात दिलं. फुसाएचा जीव भांड्यात पडला.

"हिला विचारा. ही शेजारची. ही कोणाची भीड ठेवत नाही."

मिनेकोने कॅमेऱ्याकडे पाहिलं, हात गुडघ्यांवर ठेवले आणि वाकून नमस्कार केला. "तेइझोभावजी?" ती नाजूक आवाजात म्हणाली. फुसाएने तिचा हा आवाज फक्त अंत्यविधींना ऐकला होता. "फार शांत माणूस. कोणाला कधी त्रास नाही. ऊन असो, पाऊस असो, रोज सकाळी सायकलवरून निघालेच. आमच्या ह्यांना त्यांच्याबद्दल फार वाटायचं. होडीची गोष्ट निघाली की भावजींचं नाव हमखास निघायचं."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

जेवायच्या सुट्टीत दोघी मागच्या अंगणात, दगडांच्या पोत्यांवर बसल्या. फुसाएने डब्यातला व्हिनेगरमधला मासा तसाच ठेवला.

"हे काय केलंस?"

"मी काय करणार?" मिनेको म्हणाली. "मेलेला माणूस, टोकियोचे पाहुणे, वर कॅमेरा. तोंडातून आपोआप आलं."

"एरवी माझ्यापुढे कशी हसतेस?"

"ते आपल्याआपल्यात. त्यांच्यापुढे कसं?"

"मी तर सांगतेच आहे ना त्यांच्यापुढे! सरळ, स्वच्छ."

"तू बायको त्याची. बायको नावं ठेवणारच. नाही ठेवली तर लोक काय म्हणतील? तू जितकं वाईट बोलतेस तितका तो मोठा होतोय, बाई. आणखी थोडं बोललीस ना, तर बंदरावर पुतळा उभारतील त्याचा." मिनेकोने तिच्या डब्यातला मासा उचलला. "खाणार नाहीस ना?"

फुसाए समोर पाहत होती. समोरच्या शेडमध्ये सकाळी फवारलेल्या पँटी टांगल्या होत्या. कापड आणखी पांढरं करायचं असलं की त्यावर पोटॅशियम परमँगनेट फवारतात. ते जर्द जांभळं असतं. वाळलं की मातकट होतं. नवीन आलेल्या बाया घाबरून विचारतात, अहो, डाग पडला! मग ती पँट दुसऱ्या औषधाच्या पाण्यात बुडवली की जांभळं जातं, मातकट जातं, आणि जिथे फवारलं होतं तिथे नीळही उरत नाही. पांढरं हवं असेल तर जांभळं मारावं लागतं. पांढरा रंग फवारून काही होत नाही. तो नुसता वर बसतो.

तिला गल्लीतल्या एका शिक्षकाची बायको आठवली. नवीनच राहायला आली होती. मोहल्ल्याच्या सभेत चहा पिताना ती म्हणाली होती, माझे यजमान फार हुशार आहेत, आणि घरातही इतकी मदत करतात! सगळ्या बायका आपापल्या कपात पाहायला लागल्या. महिना उलटायच्या आत त्या घरात काहीतरी मोठं बिघडलंय याबद्दल कोणाच्याच मनात शंका उरली नव्हती.

"मिनेको," फुसाए म्हणाली, "सुट्टी संपली का?"

दुपारी फक्त हातांचे फोटो घ्यायचे होते. मुलगी दिवा लावत होती. फुसाए उभी राहिली.

"कुरोइवासाहेब, सकाळी माझं बोलणं नीट झालं नाही. पुन्हा बोलू का?"

"अवश्य." त्याने वही उघडली.

"आमचे हे फार कष्टाळू होते," फुसाए म्हणाली.

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"इतका कष्टाळू माणूस या गावात झाला नाही. पहाटे उठायचे, हाताला विसावा म्हणून नाही. समुद्राला तर त्यांची ओळख होती. मोठमोठे लोक सल्ला विचारायला यायचे." तिने श्वास घेतला. वाटलं होतं त्याहून हे सोपं जात होतं. "मला कशाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तू बस, मी करतो."

शेडमधून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. शोहेइ फरशीकडे पाहत होता. मुलीने कॅमेरा खाली घेतला आणि काच पुसायला लागली. काच स्वच्छच होती. मिनेकोला ठसका लागला.

"स्वभावाने फार गोड होते. मला कधी उलटून बोलले नाहीत. आणि दिसायलाही देखणे," फुसाए म्हणाली, आणि ही शेवटची तीन वाक्यं खरी आहेत हे तिच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं.

पण तीही आता जांभळ्यात बुडाली होती. कुरोइवा नमुन्यांकडे ज्या नजरेने पाहायचा, त्याच नजरेने तिच्याकडे पाहत होता. मान किंचित वाकडी. त्याने वही मिटली, "छान, छान," असं म्हटलं आणि शोहेइला दोन मिनिटं बाहेर बोलावलं.

काचेतून ते दोघे दिसत होते. कुरोइवा हळू आवाजात काही विचारत होता. शोहेइ आधी डोकं खाजवत होता, मग हात हलवत होता आणि शेवटी तो वाकला. दिलगिरी व्यक्त करताना वाकतात तसा, अगदी कमरेत.

परत आल्यावर कुरोइवा पहिल्यापेक्षाही मृदू झाला होता. "मियाकेबाई, मजकुराचं आम्ही पुन्हा एकदा बघतो. पँटचा काही प्रश्न नाही. पँट उत्तमच आहे." निघताना तो तिच्यापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकला. त्या मुलीने फुसाएचा हात हातात घेतला आणि हलकेच दाबून सोडला. त्या दोघांनी तिच्या संसाराबद्दल काय ग्रह करून घेतला असेल ते फुसाएला साधारण कळलं. शिक्षकाच्या घराबद्दल गल्लीने केला होता तसाच. तोही खरा नव्हता. पण त्याला आता इलाज नव्हता.

घरी जाताना मिनेको अर्ध्या वाटेत थांबली. मग म्हणाली, "तू त्याचं कौतुक करताना मी कधी ऐकलं नव्हतं."

"कौतुक कसलं? खोटं होतं ते."

"असेल. पण त्याला ऐकायला आवडलं असतं." वळणावर ती पुन्हा थांबली. "देखणा होता मात्र."

"चल पुढे," फुसाए म्हणाली.

तीनशे पँटी तयार व्हायला थंडी उजाडली. माल गेला. टोकियोत तो हां हां म्हणता संपला, आणखी पाठवा, असा निरोप आला. पुस्तिकेच्या काही प्रती शोहेइने आणून फुसाएच्या टेबलावर ठेवल्या आणि तो लगेच यंत्राकडे निघून गेला. मिनेको त्या दिवशी ऑक्टोपस द्यायला आलीच होती. तिने आधी पुस्तिका उचलली, चष्मा लावला आणि उभ्याउभ्या वाचली. वाचायला फार वेळ लागला नाही.

"अगं, फोटोच नाही."

"बघू."

फोटो नव्हता. नावही नव्हतं. पँटला नुसता एक नंबर दिला होता. खाली दोन ओळी होत्या: सेतो समुद्राच्या किनाऱ्यावर सापडलेल्या एका जुन्या पँटवरून. ती कोणी वापरली हे माहीत नाही. कष्टाळू हा शब्द कुठेही नव्हता. फुसाएने पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

तिला तो एक शब्द काढून हवा होता. फवारा मारताना कडेला कागद लावायचा असतो, नाहीतर तो हवा त्याहून जास्त पसरतो, हे ती नव्या बायांना पहिल्याच दिवशी शिकवत असे.

"सगळा माणूसच पुसून टाकला की गं," मिनेको म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "आपण पत्र लिहू या का त्यांना? नाव तरी घाला म्हणावं. निदान नाव."

फुसाए थोडा वेळ त्या नंबराकडे पाहत राहिली. मग तिने पुस्तिका मिटली, पुढची पँट ओढून घेतली आणि तिच्यात हवा भरायला सुरुवात केली.

"राहू दे," ती म्हणाली. "कामावर ह्यांचं नाव कधी नव्हतंच. तेवढं त्यांनी बरोबर छापलंय."